प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेचे अध्यक्षपद : अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून एक विचार

वसई तालुक्याच्या वायव्येस, वैतरणा नदीच्या मुखाजवळ, अर्नाळा हे कोळ्यांचे जुने बंदर आहे. किनाऱ्यासमोरच्या लहानशा बेटावर अर्नाळ्याचा जलदुर्ग उभा आहे. १७३७ साली तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला व त्यानंतर दोन वर्षांनी वसईचा किल्ला पडला, हे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकास ठाऊकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इतिहास हा नाही. ह्या किनाऱ्यावर दिवेलागणीनंतर जे प्रश्न उभे राहतात, त्यांवरून एका आधुनिक व्यवसायाच्या आणि त्या व्यवसायाच्या संस्थेतील अध्यक्षपदाच्या स्वरूपाचा विचार करावा, एवढाच येथे हेतू आहे.

अशा किनाऱ्यावर रात्री तीन प्रकारच्या प्रकाशांशी माणसाचा संबंध येतो. पहिला प्रकाश रस्त्यावरील, धक्क्यावरील व किनाऱ्यालगतच्या वास्तूंवरील दिव्यांचा. दुसरा होड्यांवरील तांबड्या, हिरव्या व पांढऱ्या दिव्यांचा. त्यांच्या खुणेवरून समोरची होडी कोणत्या दिशेने चालली आहे हे तांडेल ओळखतो. तिसरा प्रकाश मासे गोळा करण्यासाठी समुद्रात सोडलेल्या प्रखर एलईडी दिव्यांचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या तक्रारींत गेली काही वर्षे ह्या तिसऱ्या प्रकाशाचा उल्लेख वारंवार येतो.

हे तिन्ही दिवे विजेवर चालतात व तिन्हींचे मोजमाप एकाच एककांत करता येते. परंतु पहिल्या दिव्याविषयी ‘पुरेसा आहे काय?’ असे विचारले जाते. दुसऱ्याविषयी ‘लांबून ओळखू येतो काय?’ असे विचारावे लागते. आणि तिसऱ्याविषयी ‘तो तेथे असावा काय?’ हाच खरा प्रश्न आहे. विद्युत् अभियंता, नेत्रवैद्य, भौतिकीचा अभ्यासक, दिव्यांचा उत्पादक, वास्तुकार, नगररचनाकार ह्यांपैकी कोणा एकट्याला ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. ह्या सर्वांना एका मेजाभोवती बसविणे हे प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेचे काम होय. आणि त्या मेजाच्या अग्रभागी जो बसतो, त्याने तेथे नेमके काय करावयाचे असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

व्यवसायाचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप व अमेरिकेतील शहरांत दिव्यांची मोठी स्पर्धा माजली होती. कोळशाच्या वायूचे दिवे होते. त्यांना वेल्सबाखच्या जाळीने नवे तेज दिले होते. विजेचा कमानी दिवा होता, कार्बनच्या तंतूचा दिवा होता, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी टंग्स्टन तंतूचा दिवाही येऊ लागला. प्रत्येक विक्रेता आपल्या दिव्याची शक्ती ‘इतक्या मेणबत्त्यांइतकी’ म्हणून सांगे. मात्र ती शक्ती कोणत्या दिशेने मोजली, कोणत्या मेणबत्तीशी ताडली, आणि वाचणाऱ्याच्या पुस्तकावर त्यातला किती प्रकाश प्रत्यक्ष पडतो, ह्याचा खुलासा क्वचितच होई. दिवा मोजण्याची विद्या होती. पण दिव्याखाली बसलेल्या माणसाची सोय पाहणारी विद्या अद्याप व्हावयाची होती.

१९०६ साली न्यूयॉर्क येथे ह्या हेतूने पहिली मोठी संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लुई बी. मार्क्स हे होते. बंदिस्त कमानी दिव्याच्या शोधाशी त्यांचे नाव निगडित आहे. म्हणजे ते प्रत्यक्ष व्यवसायातले गृहस्थ होते. १९०९ साली लंडनमध्ये तशाच स्वरूपाची दुसरी संस्था निघाली. तिच्या पहिल्या अध्यक्षपदी सिल्व्हेनस थॉम्प्सन ह्यांची निवड झाली. थॉम्प्सन हे फिन्स्बरी येथील तांत्रिक महाविद्यालयाचे प्राचार्य व भौतिकीचे प्राध्यापक होते. कलनशास्त्र नवशिक्यांना सोपे करून सांगणारे त्यांचे छोटे पुस्तक आजही वाचले जाते. विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १८९९ साली भूषविले होते. असे असताही वायूच्या दिव्यांचे पक्षपाती आणि विजेच्या दिव्यांचे पक्षपाती ह्या दोघांनाही ते चालले. त्यांची खरी प्रतिष्ठा शिक्षक व संशोधक म्हणून होती, हे ह्याचे कारण असावे.

ह्या दोन निवडींतच अध्यक्षपदाविषयीच्या दोन कल्पना दिसून येतात. पहिलीप्रमाणे अध्यक्ष हा व्यवसायाचा अग्रणी होय. दुसरीप्रमाणे तो व्यवसायातील पक्षांच्या मधला विश्वासार्ह मनुष्य होय. पुढील काळात जगातील अशा बहुतेक संस्था ह्या दोन कल्पनांच्या मध्ये हेलकावत आल्या आहेत.

लंडनच्या संस्थेच्या संदर्भात आणखी एका व्यक्तीचा उल्लेख करणे अवश्य आहे. संस्थेची मूळ कल्पना लिऑन गॅस्टर ह्यांची. मूळचे रुमानियातील हे गृहस्थ १९०८ पासून ह्या विषयाला वाहिलेले एक नियतकालिक चालवीत होते. संस्था निघाल्यावर ते तिचे मानद कार्यवाह झाले आणि १९२८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते काम केले. अध्यक्ष आले आणि गेले. पत्रव्यवहार, सभांची सिद्धता आणि नियतकालिक ही कामे कार्यवाहाकडेच राहिली. संस्थेचे दैनंदिन जीवन कार्यवाहावर चालते, हा अनुभव आपल्याकडील ग्रंथालये, शिक्षणसंस्था व साहित्यसंस्था ह्यांनाही नवा नाही. मग अध्यक्ष कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

‘अध्यक्ष’ ह्या शब्दाचा अर्थ

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. ‘अध्यक्ष’ ह्या संस्कृत शब्दात ‘अक्ष’ म्हणजे नेत्र हे पद आहे. ज्याची दृष्टी वर आहे, जो देखरेख करतो, तो अध्यक्ष. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणास ‘अध्यक्षप्रचार’ असेच नाव असून त्यात राज्याच्या निरनिराळ्या खात्यांवरील अध्यक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतला ‘पौतवाध्यक्ष’ हा तराजू व वजने ह्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. ‘मानाध्यक्ष’ हा अंतर व काळ ह्यांच्या मापांचा जाणकार. बाजारातील वजने खोटी असली तर सगळाच व्यवहार खोटा होतो, म्हणून राजाने त्यांवर स्वतंत्र डोळा ठेवला.

प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष हा ह्या अर्थाने प्रकाशाचा पौतवाध्यक्ष होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भेद एवढाच की, कौटिल्याच्या अधिकाऱ्याच्या पाठीशी राजदंड होता. ह्याच्या पाठीशी कायदा नाही, खजिना नाही, दंड करण्याचा अधिकारही नाही. त्याचे सामर्थ्य सभासदांच्या विश्वासात आणि मापाच्या खरेपणात साठविलेले असते.

अध्यक्षाची प्रत्यक्ष कामे पाहिली तर ती वरवर सामान्यच दिसतात. सभा चालविणे, अभ्यास-समित्या नेमणे व त्यांत उत्पादक, अभियंते, शिक्षक व वैद्य ह्यांचे प्रमाण राखणे, वर्षारंभी अभिभाषण करणे, शासन व मानक-संस्था ह्यांपुढे संस्थेचे मत मांडणे, आणि मुदत संपताच आसन दुसऱ्यास देणे. ह्यांतील दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. समितीत कोण बसला ह्यावर पुष्कळदा निष्कर्ष काय निघणार हे अवलंबून असते. रस्त्यावरील दिव्यांच्या समितीत केवळ दिवे विकणारे बसले तर अधिक दिव्यांची शिफारस होईल. केवळ वीजबिल भरणारे बसले तर दिवे कमी होतील. आणि रस्त्याने चालणारा मनुष्य दोन्ही वेळा बाहेरच राहील.

माप कसे ठरले

प्रकाशाचे माप ठरविणे हे लांबीचे किंवा वजनाचे माप ठरविण्याइतके सरळ नाही. वजनाला तराजू पुरतो. प्रकाशाला डोळा लागतो. उष्णतेचे अदृश्य किरण कितीही प्रबळ असले तरी डोळ्याला ते अंधारच होत. म्हणून प्रकाशाच्या मापात मनुष्याची दृष्टी अंतर्भूत करावी लागते आणि मनुष्यांच्या दृष्टी तर एकसारख्या नसतात.

पहिली अडचण एककाची होती. १९०९ साली ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका ह्या देशांतील प्रयोगशाळांनी मेणबत्तीचे एक समान एकक मान्य केले. जर्मनीने मात्र आपला हेफ्नर दिवा सोडला नाही. नऊ मेणबत्त्या म्हणजे सुमारे दहा हेफ्नर, असा हिशेब कित्येक वर्षे चालला. दुसरीकडे १९०० साली प्रकाशमापनासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले होते. १९१३ साली बर्लिन येथे त्याचे रूपांतर आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगात झाले. ह्या आयोगाने १९२४ साली ‘प्रमाण निरीक्षका’चा आलेख मान्य केला. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशाला सरासरी मनुष्याचा डोळा किती प्रतिसाद देतो हे त्यात दाखविले आहे. दिवसाच्या उजेडात हा प्रतिसाद ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक असतो. आज बाजारात मिळणारे प्रत्येक लक्समापक यंत्र ह्याच आलेखाला धरून केलेले असते. १९४८ साली एककास ‘कँडेला’ हे नाव मिळाले व १९७९ साली त्याची व्याख्या विशिष्ट कंप्रतेच्या प्रकाशावरून करण्यात आली. तथापि त्या व्याख्येचा व्यवहारातील उपयोग ह्या डोळ्याच्या आलेखावाचून होत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा आलेख निसर्गात तयार सापडलेला नाही. अनेक निरीक्षकांच्या प्रयोगांतून निघालेली ती सरासरी आहे आणि अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ती स्वीकारली आहे. म्हणजेच प्रकाशाच्या मापाच्या मुळाशी एक मानवी करार आहे. करार टिकविण्यासाठी, त्याची मर्यादा ओळखण्यासाठी व काळानुसार त्यात भर घालण्यासाठी जी संस्था लागते, तिचे अध्यक्षपद म्हणूनच केवळ शोभेचे राहू शकत नाही.

ह्या आयोगाच्या अध्यक्षांची मुदत चार वर्षांची असते. अलीकडील अध्यक्षांची नावे पाहिली तर विषयाची व्याप्ती सहज कळून येते. २०१५ ते २०१९ ह्या काळातील योशी ओनो हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेतील प्रकाशमापनाचे संशोधक. त्यांच्यानंतर २०२३ पर्यंत अध्यक्ष असलेले पीटर ब्लाटनर हे स्वित्झर्लंडच्या मापनसंस्थेतील भौतिकीविद. आणि २०२३ साली अध्यक्षपदी आलेल्या जेनिफर व्हीच ह्या कॅनडातील मानसशास्त्रज्ञ. दिव्यांच्या संस्थेच्या प्रमुखपदी मानसशास्त्रज्ञ असावी, ही गोष्ट १९०६ साली कोणास सुचली नसती. दिव्यापासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून मनापर्यंत हा विषय कसा वाढत गेला, त्याचेच हे निदर्शक होय.

विक्रेत्याचे सत्य व तज्ज्ञाचे सत्य

अध्यक्षाची खरी कसोटी लागते ती विक्रेत्याचे सत्य व तज्ज्ञाचे सत्य एकाच वाक्यात येतात तेव्हा. ह्याचे प्रसिद्ध उदाहरण १९२४ सालचे आहे. त्या वर्षी जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी जिनिव्हा येथे आपसात करार करून ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला. घरगुती तंतुदिव्याचे आयुष्य १,००० तासांचे असावे असे त्यांनी ठरविले. इतकेच नव्हे तर ज्याचे दिवे त्याहून फार टिकत त्याला दंडही ठेवला. दिवा लवकर जावा म्हणजे नवा विकला जावा, हा हेतू ह्यात उघड दिसतो.

परंतु ह्याला दुसरी बाजूही आहे. तंतू कमी तापविला तर दिवा दीर्घकाळ टिकतो, पण तितक्याच विजेत प्रकाश कमी देतो. तंतू अधिक तापविला तर प्रकाश भरपूर मिळतो, पण आयुष्य घटते. विजेचा खर्च दिव्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ अधिक असेल, तर अल्पायुषी पण तेजस्वी दिवाच गिऱ्हाइकास स्वस्त पडतो. ब्रिटनमधील मक्तेदारी-चौकशी आयोगाने १९५१ साली ह्या प्रकरणाचा विचार करताना १,००० तासांची मर्यादा ही आयुष्य व प्रकाश ह्यांमधील एक ग्राह्य तडजोड असू शकते, हे मान्य केले होते.

म्हणजे तांत्रिक युक्तिवाद खोटा नव्हता. तो ज्यांनी केला त्यांचा मात्र त्यात लाभ होता. अशा वेळी संस्थेच्या अध्यक्षाने काय करावे? युक्तिवाद लाभासाठी केला म्हणून तो नाकारणे हे शास्त्राला धरून नाही. आणि युक्तिवाद खरा आहे म्हणून लाभाकडे डोळेझाक करणे हे कर्तव्याला धरून नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून, दोन्ही उघडपणे सभेपुढे ठेवणे, हेच त्याचे काम. अध्यक्ष स्वतः एखाद्या उत्पादकाच्या सेवेत असेल, आणि अशा संस्थांत ते असंभाव्य नाही, तर ही जबाबदारी अधिकच अवघड होते. त्याने आसनावर बसताना आपले दुसरे आसन कोणते हे सांगून ठेवावे, हा नियम साधा असला तरी मोलाचा आहे.

भारतातील स्थिती

आपल्या देशात ह्या व्यवसायाची राष्ट्रव्यापी संस्था, इंडियन सोसायटी ऑफ लायटिंग इंजिनियर्स, विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात निघाली. तिचे मुख्य कार्यालय दिल्लीस आहे. पदव्युत्तर शिक्षणाची सोय कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात पूर्वीपासून आहे. तत्पूर्वीच भारतीय मानक-संस्थेने रस्त्यांवरील व इमारतींतील प्रकाशासाठी संहिता तयार केल्या होत्या. रस्त्यांच्या संहितेप्रमाणे अत्यंत महत्त्वाच्या व वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर सरासरी ३० लक्स, तर कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यावर ४ लक्स इतका प्रकाश अपेक्षिला आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश एका लक्सच्या चतुर्थांशाइतकाच असतो आणि भर दुपारच्या उन्हाचा एक लक्ष लक्सपर्यंत जातो. २०१० साली भारतीय मानक ब्युरोने ह्या सर्व विषयांची एकत्रित राष्ट्रीय प्रकाश-संहिता प्रसिद्ध केली.

त्यानंतरचा मोठा बदल शासनाच्या योजनांतून झाला. ५ जानेवारी २०१५ रोजी घरगुती एलईडी दिव्यांच्या वाटपाची ‘उजाला’ योजना आणि रस्त्यांवरील दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना, अशा दोन्ही योजनांचा प्रारंभ झाला. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे दिवे आले. विजेची बचत झाली हे निर्विवाद आहे. परंतु ‘एका वॅटला किती ल्यूमेन’ हा हिशेब दिव्याच्या काटकसरीविषयी सांगतो. तो प्रकाश कोठे पडतो व कोणाच्या डोळ्यांत जातो, हे तो सांगत नाही. नेमके हेच सांगण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञसंस्थेची आवश्यकता आहे.

पुन्हा अर्नाळ्याकडे

आता आरंभी सांगितलेल्या तीन दिव्यांकडे वळू.

होडीवरील दिव्यांचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात दिले आहेत. डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा व मागे पांढरा दिवा. ओढजाळे ओढणाऱ्या नौकेवर वर हिरवा व त्याखाली पांढरा. अन्य रीतीने मासेमारी करणाऱ्या नौकेवर वर तांबडा व खाली पांढरा. एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, अंतरावरून दिसण्यासाठी दिव्याची तीव्रता किती असावी, हेही त्या करारात दिले आहे. ती आहे ०.९ कँडेला, म्हणजे जवळजवळ एका मेणबत्तीइतकी. दोन मैलांसाठी ४.३ कँडेला लागतात. एक मैलावरील त्या दिव्याचा जो प्रकाश तांडेलाच्या डोळ्यापाशी पोचतो, तो एका लक्सच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाइतका असतो. एवढ्या क्षीण प्रकाशावर रात्रीच्या समुद्रातील जीवित अवलंबून आहे. त्यासाठी अट एकच, समुद्र काळोखा असला पाहिजे आणि पाहणाऱ्याचा डोळा अंधाराला सरावलेला असला पाहिजे. डोळ्याला असा सराव होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तो मोडण्यास मात्र एखादा प्रखर झोत पुरतो.

येथेच मापाची मर्यादा प्रत्ययास येते. डोळ्यात दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी, आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी. दंडपेशींचा सर्वाधिक प्रतिसाद ५५५ नव्हे, तर ५०७ नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला असतो. अंधारातील डोळ्याचा हा दुसरा आलेख आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५१ साली मान्य केला. आणि उजेड व काळोख ह्यांच्या मधल्या अवस्थेसाठी मापनपद्धती सुचविली ती २०१० साली. परंतु व्यवहारातील लक्समापक आजही उजेडाच्या आलेखावरच चालतो.

ह्याचा परिणाम असा होतो. समजा, धक्क्यावर सोडियमचा पिवळा दिवा काढून पांढरा एलईडी दिवा बसविला आणि दोन्ही वेळा लक्समापकाने समान आकडा दाखविला. ठेकेदाराचे, अभियंत्याचे व लेखापरीक्षकाचे समाधान होईल. पण पांढऱ्या दिव्यात निळा अंश पुष्कळ असल्यामुळे दंडपेशींवर त्याचा परिणाम पिवळ्या दिव्याच्या सुमारे दोन ते अडीच पट होऊ शकतो. समुद्रावरून बंदरात शिरणाऱ्या तांडेलाचा डोळा दंडपेशींवरच विसंबून असतो. तो म्हणेल, ‘नवा दिवा डोळ्यांत जातो.’ लक्समापक म्हणेल, ‘काहीच बदललेले नाही.’ येथे तांडेलाचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. चूक आहे ती माप जेथे लागू नाही तेथे ते लावण्यात.

ह्या प्रश्नावर उपाय महागडे नाहीत. दिव्याला वरून व समुद्राच्या बाजूने झाकण असावे. झोत खाली, जमिनीवर पडावा. किनाऱ्यालगत निळा अंश कमी असलेला उबदार छटेचा दिवा वापरावा. रहदारी थांबल्यावर प्रकाश मंद करावा. चालणाऱ्या माणसाची सुरक्षितता ह्यात कोठेही कमी होत नाही. उलट डोळे न दिपल्यामुळे त्यालाही वाट अधिक स्पष्ट दिसते. परंतु हे उपाय निविदेच्या कागदावर यावयाचे तर ते प्रथम संहितेत यावे लागतात, आणि संहितेत यावयाचे तर समितीत तांडेलाचा प्रश्न मांडणारा कोणी बसलेला असावा लागतो. समिती नेमण्याचे काम अध्यक्षाचे.

तिसऱ्या दिव्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. प्रखर प्रकाशाभोवती समुद्रातील सूक्ष्म जीव गोळा होतात, त्यांच्या मागोमाग लहान मासे, व लहानांच्या मागे मोठे. लहानमोठे सर्वच एका जाळ्यात येतात. वसईच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेली डोलजाळ्याची मासेमारी ह्याच्या अगदी उलट तत्त्वावर उभी आहे. जाळे एका जागी बांधलेले असते, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जे आणील तेच त्यात येते. एकाने मासळी दिव्याने ओढून घ्यावयाची व दुसऱ्याने प्रवाहाची वाट पाहावयाची, ही स्पर्धा समान नाही. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१७ रोजी भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा दिव्यांनी मासेमारी करण्यास बंदी केली. महाराष्ट्रानेही १९८१ च्या सागरी मासेमारी अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती करून दंडाची तरतूद कडक केली.

बंदी शासनाने केली, तिची अंमलबजावणीही शासनाने करावयाची; ह्यात प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हा दिवा त्याच व्यवसायाचे अपत्य आहे. थोड्या विजेत अपार प्रकाश देणारा दिवा करणे हे ह्या व्यवसायाचे मोठे यश होय, आणि त्याच यशामुळे लहान नौकेवरही असा दिवा नेणे शक्य झाले. आपल्या विद्येचा उपयोग कोठे होऊ नये हे सांगण्याची जबाबदारी विद्या निर्माण करणाऱ्यांवर प्रथम येते. वैद्यांच्या संस्था औषधाच्या दुरुपयोगाविषयी बोलतात. त्याच न्यायाने प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेने प्रकाशाच्या दुरुपयोगाविषयी बोलावे, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार अध्यक्षाचा आहे.

उपसंहार

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. प्रकाश-तज्ज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष हा मापाचा रक्षक आहे, आणि ह्या रक्षणाची तीन अंगे आहेत. माप खरे ठेवणे, हे पहिले. १९०९ पासून १९७९ पर्यंतचा एककांचा इतिहास हा त्याचा पुरावा होय. मापाचा उपयोग एका पक्षाच्या लाभासाठी होऊ न देणे, हे दुसरे; १९२४ च्या उत्पादक-संघाचे उदाहरण त्यासाठी दिले. आणि माप जेथे अपुरे पडते तेथे ते अपुरे आहे असे सर्वांदेखत सांगणे, हे तिसरे. तिन्हींमध्ये हे तिसरे कठीण आहे. स्वतःच्या शास्त्राच्या मर्यादा आसनावर बसून उच्चारावयास धैर्य लागते. शिवाय तसे केल्याने व्यवसायाचा बाजार वाढत नाही.

थॉम्प्सन ह्यांच्या काळी वाद वायूचा दिवा की विजेचा, असा होता. तो वाद आता संपला आहे. आजचा वाद प्रकाश किती, कोठे आणि केव्हा, असा आहे. त्याचा निर्णय केवळ शहरातील सभागृहात होऊ नये. ज्याला एक मैलावरची मेणबत्ती ओळखून घरी परतावयाचे असते, त्या अर्नाळ्याच्या तांडेलाचाही त्या मेजावर हक्क आहे. आणि त्याच्यासाठी तेथे एक खुर्ची राखून ठेवणे हे अध्यक्षाच्या कर्तव्यांत मोडते.